सव्वा महिन्याच्या हेडबाई

श्रीमती सुमतीबाई प्रधान यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या स्टुलावर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात हातोडी होती. बुऱ्हाणपूरच्या मराठी कन्याशाळेत मी नेमणुकीचा कागद घेऊन हजर झाले होते आणि हेडबाई कुठे भेटतील म्हणून वर्गावर्गात डोकावत होते. सातवीच्या वर्गात बाई नकाशासाठी भिंतीवर खिळा ठोकत होत्या आणि ठोकता ठोकता इंग्रजी शिकवत होत्या. खिळ्याला इंग्रजीत काय म्हणतात, असे त्यांनी विचारले. मुलींनी 'नेल' म्हणून सांगितले. मग हातोडी जिथे बसते त्या चपट्या टोपीला काय म्हणतात? "हेड," बाई म्हणाल्या. "आपल्या हेडबाईंमधलं हेड तेच. आता सांगा, मार कोण खाते?" सगळा वर्ग हसला. मागे वळूनही न बघता त्यांनी मला तो नकाशा जरा वर द्यायला सांगितला. मी नवीन शिक्षिका आहे हे तुम्ही न बघता कसे ओळखले, असे मी पुढे कधीतरी विचारले, तर म्हणाल्या की नव्या बाईंच्याच वहाणा इतक्या वाजतात.

आज त्या बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला त्यांच्या 'कार्याविषयी आणि मूल्यांविषयी' लिहायला सांगितले आहे. मूल्यांविषयी मला नीटसे लिहिता येत नाही, माणसाविषयी येते. शिवाय बाईंच्या नावाला या गावात एक गोष्ट चिकटलेली आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती ऐकली असेल, लग्नाच्या पंगतीत सांगून हशाही मिळवला असेल. नव्या राज्याच्या सुरुवातीच्या काळात प्रधानबाईंनी एक सरकारी पत्र चुकीचे वाचले आणि स्वतःच हेडबाई होऊन बसल्या, सव्वा महिन्याने उतरल्या, अशी ती गोष्ट. 'सव्वा महिन्याच्या हेडबाई' हे नाव त्यांना तेव्हापासून पडले. बाई स्वतःही ते ऐकून हसतात. मला मात्र त्या हसण्याने पुढे कित्येक वर्षे घास गिळवला नाही, कारण ती गोष्ट तशी घडलेली नाही. ती जशी घडली तशी आज मी इथे लिहिणार आहे, आणि बाईंना ते आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

पण आधी त्यांचे शिकवणे, कारण त्याच्याशिवाय पुढचे कळायचे नाही. बाई इंग्रजी शिकवत. शब्दाचा अर्थ पाठ करून आलेली मुलगी त्यांना अर्धीच तयार वाटे. शब्द कुठे कुठे राहतो, कोणाच्या घरी जातो, हे शोधून आणा असे त्या सांगत. 'हेड' या शब्दासाठी त्यांनी एकदा आठवडाभराची मुदत दिली होती. मुलींनी गाव पालथे घातले. हेडमास्तर, हेडजमादार, हेडपोस्ट हे तर पहिल्याच दिवशी आले. एकीचे वडील गिरणीत होते, तिने हेडजॉबर, म्हणजे मजुरांवरचा मोठा मुकादम, आणला. एक हुशार मुलगी नाण्याचे हेड घेऊन आली. आणि बहादरपूरच्या एका मुलीने अगदी गंभीर चेहऱ्याने 'हेडी' हा शब्द आणला. आमच्याकडे गुरांच्या व्यापाऱ्याला हेडी म्हणतात. वर्गात हसण्याचा कल्लोळ उठला. बाईंनी सगळ्यांना गप्प केले आणि त्या मुलीला विचारले की हेडी बाजाराला निघाला की बैलांच्या पुढे चालतो की मागे. ती म्हणाली, पुढे. मग अर्धा मार्क द्यायला हरकत नाही, असे बाई म्हणाल्या, आणि हा आपलाच जुना शब्द आहे, इंग्रजीतून आलेला नाही, हेही सांगितले. त्या मुलीचे पडलेले तोंड मी पाहिले होते आणि मग फुललेलेही पाहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी नकाशावर मुलताई दाखवली. नदी जिथे उगम पावते त्या जागेलाही इंग्रजीत हेडच म्हणतात, ते तापीचे हेड. राजघाटावर एवढी रुंद असलेली नदी तिथे एवढीशी कशी, असे एका मुलीने विचारले. बाई म्हणाल्या, "डोकं लहानच असते बेटा, पुढे अंग वाढत जाते." मुली वह्यांत लिहून घेऊ लागल्या, तेव्हा हे परीक्षेत येणार नाही म्हणून त्यांनी थांबवले. शब्द एकटा भेटला तर लगेच ओळख दाखवू नका, सोबत कोण आहे ते पाहा, असे त्या वारंवार सांगत. मी मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐकत असे. ऐकले खूप, शिकले किती ते पुढे दिसले.

तेव्हा आमच्या शाळेची स्थिती अशी होती. राज्यांची फेररचना नुकतीच होऊन आमचे गाव हिंदी राज्यात गेले होते. पूर्वी नागपूरकडून इंग्रजीत किंवा मराठीत कागद यायचे, ते बंद होऊन आता हिंदीत येऊ लागले होते. हिंदी आम्हाला परकी नव्हती. बाजारात, टांग्यात, शेजारणीशी आम्ही ती दिवसभर बोलत होतो. पण कागदावरची हिंदी ही वेगळीच बाई होती, तिची आमची ओळख नव्हती. त्यात नव्या राज्यात आलेल्या चार भागांतल्या सरकारी नोकरांच्या ज्येष्ठतेच्या एकीकरणाच्या याद्या चालू होत्या. आज वर असलेले नाव उद्या खाली जाई, कोणाचे कुठल्या कुठे निघे. काहीही होऊ शकते असे सगळ्यांनी धरून ठेवलेले होते.

आमच्या जुन्या हेडबाई निवृत्त झालेल्या होत्या. त्यांच्या जागी सर्वांत ज्येष्ठ म्हणून महाजनबाई काम बघत होत्या, पण तसा लेखी हुकूम आलेला नव्हता. महाजनबाईंची नोकरीची दोनच वर्षे उरली होती. मुलींना अक्षर ओळखायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि हेडबाई म्हणून निवृत्त व्हावे एवढी एकच इच्छा त्यांनी आम्हाला उघड बोलून दाखवली होती. हेडच्या खुर्चीची गादी फाटली होती म्हणून त्यांनी घरी नवा अभ्रा शिवून आणला होता, निळ्या काठाचा. हुकूम आल्याशिवाय तो घालायचा नाही म्हणून पिशवीत ठेवलेला असे.

आणि मी, कुसुम, सर्वांत नवी, तात्पुरत्या नेमणुकीवरची. उन्हाळ्यात माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरणार होते. माझ्याकडे एकच भांडवल होते. मी हिंदीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले होते आणि ते मी शाळेत कोणाला विसरू देत नव्हते.

पत्र आले ते मधल्या सुट्टीत. महाजनबाईंनी चष्मा पुसला, दोन ओळी वाचून बघितल्या आणि कागद माझ्या हातात दिला. मी उभे राहून ठसक्यात वाचले: "कन्या शाला का प्रभार प्रधान अध्यापिका तत्काल ग्रहण करें तथा पालन प्रतिवेदन भेजें।" आणि लगेच मराठी करून सांगितले की शाळेचा कार्यभार प्रधान अध्यापिकेने, म्हणजे प्रधानबाईंनी, ताबडतोब घ्यावा आणि घेतल्याचे कळवावे.

महाजनबाईंनी मला एकदाच विचारले, प्रधान म्हणजे आपली सुमतीच ना? मी म्हटले, स्पष्टच आहे. हेडबाई म्हणायचे असते तर 'मुख्य' लिहिले नसते का? सुमतीबाई लगेच म्हणाल्या की यात काहीतरी चुकते आहे, मी इथे तिसऱ्या नंबरची, आपण आधी लिहून विचारू. इंग्रजीत त्या आम्हा सर्वांच्या पुढे होत्या, पण या नव्या हिंदीच्या बाबतीत त्यांनी माझ्यावर भिस्त ठेवली होती. मी पुन्हा कागद वाचला आणि 'तत्काल' या शब्दावर बोट ठेवले. वय वर्षे वीस, पहिला वर्ग! महाजनबाई हुकमाला प्रश्न विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, टेबलावर ठेवला आणि तास घ्यायला निघून गेल्या.

कार्यभार घेतल्याचे पत्रही मीच हिंदीत लिहिले. 'प्रधान अध्यापिका ने प्रभार ग्रहण किया' असे लिहून खाली सुमतीबाईंची सही घेतली: सु. प्रधान. तिकडे कार्यालयात त्यांना हवे तेच वाचायला मिळाले आणि इकडे आम्हाला हवे ते आम्ही लिहिले होते. दोन्हीकडे समाधान झाले. शाळेची मावशी द्वारकाबाई तेवढी म्हणाली, "हेडबाई कोनीबी होवो, घंटी त मलेच वाजवा लागते."

तो सव्वा महिना बाईंनी शाळा चांगली चालवली, हेही कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मराठीची पुस्तके अडकली होती ती त्यांनी दोनदा जाऊन सोडवून आणली. शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षिकांना बसवून नव्या हिंदी नमुन्यांतला एकेक शब्द आम्ही घोकू लागलो. पण महाजनबाई शिक्षिकांच्या खोलीत यायच्या बंद झाल्या. चहा त्या आपल्या वर्गातच, मुली गेल्यावर, एकट्या घेत. कोणाला टाकून बोलल्या नाहीत, कागाळी केली नाही. सुमतीबाई रोज कप घेऊन त्यांच्या दाराशी जात आणि परत येत. मला त्याचे फारसे काही वाटत नव्हते, हे लिहिताना आज लाज वाटते.

मग एक दिवस पोस्टमनने चुकून मुलांच्या शाळेचे पत्र आमच्याकडे टाकले. सुमतीबाईंनी ते हातात घेतले, पत्ता वाचला, उलटून पाहिले, पुन्हा वाचला. मग मला बोलावले.

"कुसुम, मुलांच्या शाळेत कोणी प्रधान आहे का?"

मी म्हटले, नाही. तिथे पाटीलमास्तर हेड आहेत आणि बाकी कोणी प्रधान आडनावाचे नाही.

"मंग हे पत्र 'प्रधान अध्यापक' म्हणून कोणाला आलं?"

मला ते कळायला वेळ लागला नाही. हिंदीत हेडला प्रधान म्हणतात, म्हणजे तो हुकूम हेडचे काम बघणाऱ्या महाजनबाईंचाच होता. परीक्षेच्या पुस्तकात राजाच्या दरबारातला प्रधान मी वाचला होता, शाळेतला वाचला नव्हता. एका शब्दाला मी एकटे गाठून त्याची ओळख सांगून मोकळी झाले होते. मी रडू लागले. उन्हाळ्यात माझे काय होणार तेही त्या रडण्यात होतेच, सगळे महाजनबाईंसाठी नव्हते. बाईंनी मला आधी तोंड धुवायला पाठवले.

तोंड धुऊन येते तो सगळ्या शिक्षिका महाजनबाईंच्या वर्गात जमलेल्या होत्या. सुमतीबाईंनी किल्ल्यांचा जुडगा महाजनबाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मोठ्या बाई, हा हुकूम तुमचा होता. माझ्या वाचण्यात गलती झाली."

माझ्या, असे म्हणाल्या. मी दारात उभी होते. मला पुढे होऊन बोलता आले असते. मी बोलले नाही.

महाजनबाईंनी जुडगा मांडीवर ठेवला. मग त्या एवढेच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, इतक्या वर्षांच्या माझ्या कामातच काही खोट निघाली." आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सुमतीबाई त्यांच्याजवळ बाकावर बसल्या. सातवीच्या मुलींना त्या दिवशी इंग्रजीचा तास मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर निळ्या काठाचा अभ्रा होता. महाजनबाई दोन वर्षांनी हेडबाई म्हणूनच निवृत्त झाल्या, आणि निरोपाच्या दिवशी त्यांना सुमतीबाईंनी घरी केलेला दराबा, हा आमच्या गावचा रव्याचा गोड पदार्थ, भरवला. माझी नेमणूकही उन्हाळ्यात कायम झाली. गोष्ट तिथेच मिटली असे मी धरून चालले, आणि गावाने 'सव्वा महिन्याच्या हेडबाई' म्हणून हसायला सुरुवात केली तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले.

पुढची वर्षे गेली. महाजनबाईंनंतर बाहेरच्या दोन हेडबाई येऊन गेल्या. सुमतीबाईंचे नाव दर वेळी मागे राहत होते आणि आम्ही एकीकरणाच्या याद्यांना बोल लावत होतो. मग एके वर्षी हुकूम आला आणि तो माझ्या नावाचा होता. सुमतीबाई माझ्याहून किती तरी ज्येष्ठ, माझ्या गुरूच म्हणायच्या, आणि खुर्ची मला! मी त्यांच्याकडे धावत गेले. त्यांनी मला देवापुढे साखर ठेवायला लावली आणि मग माझ्या हातावर दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीत किंवा वर्गात शिरले की त्या उठून उभ्या राहू लागल्या. मी अवघडून जाई. एकदा हात जोडून सांगितले की बाई, निदान तुम्ही तरी उठू नका. तर म्हणाल्या की मी कुसुमसाठी उठत नाही, हेडबाईसाठी उठते, पोरींनी ते पाहिले पाहिजे. त्या निवृत्त होईपर्यंत उठत राहिल्या.

हेडबाई झाल्यामुळे शाळेचे जुने कपाट माझ्या ताब्यात आले. एका सुट्टीत ते लावायला काढले तर एका फायलीत बाईंच्या हस्ताक्षरातल्या पत्राची नक्कल मिळाली. हेडबाई म्हणून आधी एकीची आणि मग दुसरीची अशा दोन वेगवेगळ्या सह्या का, असे कार्यालयाने विचारले होते, त्याचे ते उत्तर होते. त्यात लिहिले होते की हुकमाचा अर्थ मी स्वतः चुकीचा लावला, त्यात दुसऱ्या कोणाचाही संबंध नाही, आणि होईल ती शिक्षा मला मान्य आहे. त्याच्या मागे कार्यालयाचा कागद होता. अधिकार नसताना कार्यभार घेतल्याचा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात चढवण्यात आला होता. दर वेळी यादीत त्यांचे नाव मागे का राहिले, हे मला त्या कपाटापुढे जमिनीवर बसून कळले.

तशीच उठले आणि राजपुऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले. बाई गहू निवडत होत्या. मी पत्र समोर धरले आणि विचारले, हे तुम्ही लिहिले?

"अक्षर तर माझंच दिसून राहिलं," त्या म्हणाल्या.

वाचले तर मी होते, मी म्हटले. त्यांनी गव्हातला खडा काढून बाजूला टाकला. "तू टेंपररी होती. तुला काढून टाकलं असतं. मला काढू शकत नव्हते, फक्त लिहू शकत होते."

आणि तुमचे हेड होणे? मी विचारले. माझा आवाज चढला होता. त्यांच्यावर राग आला होता आणि स्वतःवर त्याहून जास्त.

"सव्वा महिना बसली ना मी. बसून पाहिलं. खुर्ची उंच आहे, पाय लटकतात." मग माझा चेहरा बघून त्यांनी सूप खाली ठेवले. मी दुसऱ्याच दिवशी कार्यालयाला खरे कळवणार होते. त्यांनी मला तसे करू दिले नाही. आता कळवून माझे काही परत येणार नाही आणि तुझ्याही पुस्तकात शेरा चढेल, दोघींचे कशाला, असे म्हणाल्या. तू खुर्चीवर आहेस तोवर या गोष्टीचे तोंड बंद ठेव, पोरींचा हेडबाईवर भरवसा असावा लागतो. मी वचन दिले. दिले म्हणजे त्यांनी घेतले.

ते वचन मी पाळले. गावाने त्यांच्या चुकीवर हसावे आणि मी त्यांच्याकडे बघावे, त्यांनी डोळ्यांनी मला दटावावे, असे किती प्रसंग झाले त्याची गणती नाही. त्यांना खंत होती का? मी पुष्कळदा चाचपून पाहिले. मला तरी कधी सापडली नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज शाळांत आहेत, दवाखान्यांत आहेत, नेपानगरच्या कागद कारखान्यात आहेत, डोईफोडियासारख्या गावातही एक शिकवते. त्या भेटल्या की बाईंचा चेहरा असा होतो की माझी खंत मला एकटीलाच पुरवून वापरावी लागते.

मागच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. आता मी कोणत्याच खुर्चीवर नाही आणि वचनाची मुदत संपली आहे. म्हणून बुऱ्हाणपूरच्या सर्व मंडळींना, बाईंच्या विद्यार्थिनींना आणि ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट सांगितली त्या सर्वांना मी कळवते की ते पत्र वाचले मी, अर्थ लावला मी, अडून बसले मी, आणि वेळ आली तेव्हा दारात गप्प उभी राहिले तीही मीच. श्रीमती सुमतीबाई प्रधान यांनी कोणतेही पत्र कधीही चुकीचे वाचलेले नाही. यापुढे ती गोष्ट सांगायची असेल तर माझ्या नावाने सांगावी. हसायला तेवढीच चांगली आहे.

बाई, हे छापून येईपर्यंत तुम्हाला कळू दिले नाही, याबद्दल तुम्ही मला रागावणार. थोडक्यात आटोपू नका. त्यासाठी तुम्हाला धडधाकट शरीर आणि पुष्कळ वर्षे मिळोत. मी रोज संध्याकाळी येऊन समोर बसेन.

— कुसुम